दहा रुपयांचा फरक: कोर्बाला ग्रुप मेसेजिंग शिकवण्याची गोष्ट

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण इअरफोन काढू नका. आधी एक छोटा हिशेब करू.

एका खात्यात १,००० रुपये आहेत. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा असावा, म्हणून त्या खात्याची नोंद दोन सर्व्हरवर ठेवलीय. आता दोन मेसेज येतात: '१०० रुपये जमा करा' आणि '१० टक्के व्याज द्या'. पहिल्या सर्व्हरला ते याच क्रमाने मिळाले, शिल्लक १,२१०. दुसऱ्याला उलट क्रमाने, शिल्लक १,२००. एकही मेसेज हरवला नाही, तरी हिशेब बिघडलाच ना?

प्रोग्रॅमिंग शिकताना मला वाटायचं, मेसेज पोचला की काम झालं. हा हिशेब मांडल्यावर कळलं, की खरी लढाई क्रमाची आहे.

ही लढाई १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन लढत होते. त्यांच्या 'आयसिस' या प्रणालीत सर्व्हरचा ग्रुप करता यायचा. ग्रुपमध्ये आत्ता कोण आहे, कोण बंद पडलं, हे सगळ्यांना मेसेजच्या ओघात एकाच जागी कळायचं. पुढे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आणि फ्रान्सच्या हवाई वाहतूक नियंत्रणात आयसिस वापरलं गेलं. अशा ठिकाणी 'थोडासा फरक' चालत नाही.

दुसरीकडे १९८९ मध्ये कंपन्यांनी मिळून ओएमजी ही संस्था काढली आणि १९९१ मध्ये 'कोर्बा' हे मानक आणलं. दुसऱ्या मशीनवरचा, दुसऱ्या भाषेत लिहिलेला ऑब्जेक्ट आपल्याच प्रोग्रॅममध्ये असल्यासारखा वापरायचा, ही त्यामागची कल्पना. मधला निरोप्या म्हणजे 'ओआरबी'. पण कॉल व्हायचा एकाचा एकालाच. पलीकडचं मशीन बंद पडलं, की हातात फक्त एरर.

मग ग्रुप आणायचा कुठून? १९९०च्या दशकात तीन उत्तरं पुढे आली.

पहिलं, ओआरबीच्या आत. झुरिकमध्ये सिल्व्हानो माफाइस यांनी 'इलेक्ट्रा' असंच बांधलं. एका ऑब्जेक्टला हाक मारावी आणि अख्ख्या ग्रुपने ऐकावी! पण मग तुम्ही त्याच ओआरबीला बांधले गेलात.

दुसरं, ओआरबीच्या खाली. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला प्रिया नरसिंहन, लुईस मोझर आणि मायकल मेलियर-स्मिथ यांनी 'इटर्नल' केलं. ओआरबीतून बाहेर पडणारे मेसेज ते वाटेतच अडवून 'टोटेम'कडे द्यायचं. टोटेममध्ये एक टोकन मशीनमशीनमधून गोल फिरतं. ते ज्याच्याकडे असेल, त्यानेच बोलायचं आणि मेसेजला पुढचा नंबर लावायचा. ना प्रोग्रॅम बदलायचा, ना ओआरबी. मला स्वतःला हीच युक्ती सगळ्यात आवडते.

तिसरं, शेजारी. लोझानमध्ये पास्कल फेल्बर यांनी ग्रुपची वेगळी सेवाच केली. ती कुठल्याही ओआरबीवर चालायची, पण प्रोग्रॅमरला मुद्दाम तिच्याशी बोलावं लागायचं.

२०००च्या सुमारास ओएमजीने यासाठी अधिकृत मानकही आणलं. पण त्यात ग्रुपमधली सगळी मशीन एकाच कंपनीच्या ओआरबीवर असावी लागत. म्हणजे सगळ्यांना जोडण्यासाठी जन्मलेल्या कोर्बाचा मूळ हेतूच इथे अडला. शिवाय क्रम सारखा असूनही, एखाद्या सर्व्हरने स्वतःचं घड्याळ बघून निर्णय घेतला, तर उत्तरं पुन्हा वेगळी! तोवर वेब सगळीकडे पोचलं होतं आणि नवीन कामांसाठी कोर्बा मागे पडत गेलं.

प्रश्न मात्र राहिला. आज कुबरनेटीसच्या पोटातलं 'एटसीडी' हेच करतं: सगळ्या प्रतींनी एकाच क्रमावर एकमत करायचं. तुमच्या फोनमधल्या कितीतरी ॲपचे सर्व्हर कुबरनेटीसवर चालतात. तेव्हा पुढच्या वेळी ॲपमध्ये शिल्लक बघाल, तेव्हा ते दहा रुपये आठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!