कणगीतला तांदूळ

युद्धाचा इतिहास आपण बहुधा रणांगणाच्या नकाशावर वाचतो. परंतु ज्या गावांत तोफेचा आवाजही ऐकू आला नाही, तेथे दुसरे महायुद्ध शिरले ते चुलीच्या वाटेने. वसईच्या पट्ट्यातील आमच्या घरी ते कसे शिरले, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकले. सेमिनरीतून सुट्टीला घरी आलो, की संध्याकाळच्या रोझरीनंतर ती ओटीवर बसून त्या दिवसांविषयी बोलत असे. त्यातील बराचसा भाग आम्ही पुढे प्रवचनांतून सांगितला. एक भाग मात्र आजवर कोणास सांगितला नाही. तो सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून दरसाल येणारा लाखो टन तांदूळ एकाएकी थांबला. देशाच्या एकंदर पिकाच्या मानाने हा वाटा फार मोठा नव्हता. पण मुंबईसारखी शहरे बाहेरच्या धान्यावरच जगत होती. त्यात लष्कराची खरेदी वाढलेली, चलन फुगलेले, मालगाड्या युद्धाच्या कामी गुंतलेल्या. भाव चढू लागले, तसे व्यापारी माल दडवू लागले, आणि माल दडला म्हणून भाव आणखी चढले.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मोठ्या शहरांत रेशनिंग करावे आणि प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा शेर धान्य मिळावे, अशी शिफारस केली. १९४६ साली हे प्रमाण १२ औंसांवर आले. आजीची धाकटी बहीण तेव्हा माझगावच्या चाळीत राहत होती. जन्मभर भात आणि तांदळाची भाकरी खाल्लेल्या त्या बाईच्या पिशवीत आता थोडा तांदूळ आणि बाकी गहू, ज्वारी, बाजरी पडू लागली. ज्वारीची भाकरी थापताना ती मोडे आणि मुले हसत. साखर मोजकी, म्हणून नाताळचे गोडधोड गुळावर भागले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा चाळीच्या खिडक्यांच्या काचा तर फुटल्याच, पण गोदीच्या गोदामांतील धान्यही जळाले. “त्या दिवशी करपलेल्या भातासारखा वास येत होता,” असे मावशीआजी म्हणत. तरीही त्यांची एक गोष्ट आमच्या ध्यानी राहिली. रांगेत त्यांच्या पुढे शेटजींचा गडी आणि मागे गोदीतला हमाल उभा असे. आणि तागडीत पडणारे माप तिघांना माणशी सारखेच असे.

गावाकडे चित्र वेगळे होते. आमची शेती भाताची, त्यामुळे कणगी कधी रिकामी पडली नाही. सरकारने शेतकऱ्यांवर लेव्ही बसवली होती: अमुक इतके भात ठरल्या दराने द्यावयाचे. हा दर अपुरा आहे अशी गावाची तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. कापड महागले होते, रॉकेल मिळत नव्हते; शेतकऱ्याने मात्र जुन्या हिशेबाने भात द्यावे, हे कोणास रुचेल? तेव्हा आमच्या आजोबांनी जे अनेकांनी केले तेच केले. लेव्हीला दाखविण्याचे भात कणगीत ठेवले आणि बाकीच्या गोणी पेंढ्याच्या उडवीत दडविल्या. पुढे एका रात्री बैलगाडी आली आणि त्या गोणी चढ्या भावाने गेल्या. युद्ध संपल्यावर त्या पैशांतून घरावर मंगळुरी कौले चढली. ज्या छपराखाली आम्ही जन्मलो, वाढलो, आणि ज्याखालून दीक्षेच्या दिवशी आईवडिलांचा आशीर्वाद घेऊन निघालो, ते छप्पर हेच.

हाच तो न सांगितलेला भाग. आजीने तो सांगितला तेव्हा आम्ही तरुण होतो आणि सारवासारव करण्याची आम्हांस घाई होती. “सगळेच करीत होते ना?” असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, “सगळे करीत होते, म्हणूनच मावशीला रांगेत उभे राहावे लागत होते.”

पुढे बंगालच्या दुष्काळाविषयी वाचताना या वाक्याचा अर्थ उलगडला. १९४३ साली तेथे माणसे रस्त्यांवर मेली. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील काही अभ्यासक ती ३० लाखांपर्यंत नेतात. हा दुष्काळ लहानपणी पाहिलेले अमर्त्य सेन यांनी १९८१ साली असे मांडले, की त्या वर्षीचे धान्य, दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालाहून कमी नव्हते. खेड्यातील मजुराजवळ ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. या मांडणीवर वाद झाले आहेत. पण कोलकात्यात रेशनिंग सुरू झाले ते ३१ जानेवारी १९४४ रोजी, लाखो माणसे गेल्यावर, याविषयी वाद नाही. आमच्या उडवीतील गोणी बंगालला पोहोचल्या असत्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु दडवलेल्या गोणीचा हिशेब वसईत काय आणि बंगालमध्ये काय, एकाच तऱ्हेचा असतो. तो दूरच्या कोणाच्या तरी ताटातून वजा होतो.

आजीने आजोबांना दोष दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. तिने एवढेच केले: रोज भाताचे आधण ठेवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकला आणि महिनाअखेरीस ते मडके शेत नसलेल्या एका घरी रिते केले. युद्ध संपले, रेशनचे कडक दिवसही गेले. तिची मूठ मरेपर्यंत थांबली नाही. ती मूठ कशाची होती, हे घरात आम्हांशिवाय कोणास ठाऊक नव्हते.

त्या काळी जी मुले होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. वाचकांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांपाशी बसून त्या दिवसांविषयी विचारावे. गुळाच्या गोडाची आणि मोडलेल्या भाकरीची गोष्ट ते हसत सांगतील. ती ऐकून झाल्यावर उठण्याची घाई मात्र करू नये. कणगीची गोष्ट त्यानंतर येते.