संख्यारेषेवरच्या फुल्या

बालभारतीच्या सहावीच्या गणितात तिसरे प्रकरण पूर्णांक संख्यांचे आणि सहावे स्तंभालेखाचे. तिसऱ्यात मुले संख्यारेषा आखतात, सहाव्यात आलेखकागदावर खांब उभे करतात. या दोहोंच्या मधली एक पायरी तेवढी राहून जाते. अमेरिकेतल्या शाळांत तिला लाइन प्लॉट किंवा डॉट प्लॉट म्हणतात. आडवी संख्यारेषा आखायची आणि नोंदीत एखादी संख्या जितक्या वेळा आली असेल तितक्या फुल्या तिच्या डोक्यावर एकावर एक रचायच्या. उभा अक्ष नाही, प्रमाण ठरवायची कटकट नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या शाळेला त्यासाठी लांब जायला नको. गावाबाहेरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पुरे. समजा, सप्टेंबरअखेर मुलांनी 20 झाडांवरची हिरवी बोंडे मोजली आणि आकडे आले ते असे: 3, 4, 12, 14, 14, 15, 15, 15, 16, 16, 16, 16, 17, 17, 17, 18, 18, 18, 19, 20. बेरीज 300, सरासरी 15. फुल्या मांडल्या की 14 ते 18 च्या दरम्यान गर्दी दिसते, सगळ्यांत उंच रास 16 वर. डावीकडे, पार लांब, 3 आणि 4 वर एकेक फुली.

इथे मुले हमखास एक गफलत करतात. जे आकडे आले तेवढेच रेषेवर लिहितात, म्हणजे 4 च्या शेजारी थेट 12. अंतर मिटते आणि आलेख खोटा होतो. पाचपासून अकरापर्यंतची जागा रिकामी का असेना, पण आखावीच लागते, कारण प्रश्न तिथूनच उठतो: हे दोन झाडं काऊन मागं राहिले? उत्तर गणिताच्या तासाला मिळणार नाही, पण वर्गातल्या निम्म्या पोरांना ते घरूनच ठाऊक असते. नांग्या भरताना उशिरा टोबलेले बी असेल, नाहीतर धुऱ्यालगत पाणी साचले असेल. ती दोन झाडे बाजूला ठेवली तर उरलेल्या 18 झाडांची सरासरी 16 च्या वर जाते.

या फुल्यांचे कूळ शोधत गेले की आधी रेषा भेटते. इंग्रज गणिती जॉन वॉलिस याने 1685 साली बीजगणितावरच्या ग्रंथात ऋण संख्या समजावायला एका माणसाला रेषेवरून चालवले. तो पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला. आता तो निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे आहे. सहावीचा मास्तर आजही फळ्यावर जवळपास हेच करतो.

रेषेवर ठिपके बसायला आणखी दोनशे वर्षे गेली. खांबांचा आलेख तोवर येऊन गेला होता. विल्यम प्लेफेअरने तो 1786 साली स्कॉटलंडच्या व्यापारासाठी काढला. ठिपक्यांशी ज्याचे नाव जोडले जाते तो विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. हा अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत धातूची पारख करायचा, म्हणजे सोने तोलायची सवय हातातच होती. पुढे मँचेस्टरात असताना 1868 च्या सुमारास चलनातली सोन्याची सॉव्हरिन नाणी किती झिजतात ते त्याने तपासले. वयानुसार गट पाडून तोललेली अशी 274 नाणी अजूनही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून येतात. नव्या नाण्याचे वजन सुमारे 7.99 ग्रॅम आणि कायद्याने चालणारे किमान 7.938. सगळ्यांत जुन्या गटाची सरासरी 7.873 वर उतरलेली. त्याहून बोलके म्हणजे नव्या नाण्यांची वजने एकमेकांना चिकटून होती आणि जुनी नाणी विखुरलेली, कारण एखादे नाणे तिजोरीत पडून राहिले तर दुसरे हातोहात फिरले. जेव्हन्स 1882 मध्ये बुडून गेला. दोन वर्षांनी निघालेल्या त्याच्या लेखसंग्रहात हाताने काढलेला ठिपक्यांचा आलेख आहे.

शाळेत हा आलेख उशिरा पोचला. बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या जॉन टुकी यांनी 1977 च्या पुस्तकातून कागद-पेन्सिलीने आकडे चाळायची गोडी लावली. बेल लॅब्जमधलेच जेम्स लँडवेहर आणि प्राध्यापिका ॲन वॉटकिन्स यांनी 1986 साली शाळकरी मुलांसाठी पुस्तक लिहिले आणि सुरुवातच लाइन प्लॉटने केली. उदाहरण घेतले 1984 च्या सारायेव्हो हिवाळी ऑलिंपिकचे. पदके मिळाली 17 देशांना. सोव्हिएत संघ 25 वर, पूर्व जर्मनी 24 वर, मग मोठी पोकळी आणि 13 वर फिनलंड. बाकी सगळे 9 वर किंवा त्याच्या डावीकडे. यजमान युगोस्लाव्हियाची फुली 1 वर, आणखी तीन देशांच्या रांगेत. मुलाने हिशेब न करताच दोन देश कळपाबाहेरचे आहेत हे ओळखावे, यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पुढे 2010 च्या अमेरिकी अभ्यासक्रमात हा आलेख दुसरीतच आला आणि चौथीत फुल्या अष्टमांशांवरही बसू लागल्या.

वऱ्हाडात या गणिताची मोठी भावंडे आधीच नांदून गेली होती. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने बांधत, तोही आण्यांत; सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. चिठ्ठी टाकावी तशी शेते निवडून ठराविक तुकडा कापायचा आणि तोलायचा, हा मार्ग 1920 च्या दशकात जॉन हबॅक यांनी बिहार-ओरिसात भातावर चालवून दाखवला होता. वि. गो. पानसे यांनी 1940 च्या दशकात तो अकोला जिल्ह्यातल्या कपाशीला लावला. भात एकदाच कापला जातो. कपाशीच्या तीन-चार वेचण्या होतात, म्हणून त्याच तुकड्यावर माणसाला पुन्हा पुन्हा जावे लागे. पानसे आणि साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांचे 1954 चे शेतीच्या संख्याशास्त्रावरचे पुस्तक कृषी महाविद्यालयांच्या पिढ्यांनी वापरले. सरकारी कागदावर मात्र पिकाच्या पहिल्या अंदाजाला ‘नजरअंदाज पैसेवारी’ हे नाव अजून टिकून आहे. त्यानंतर सुधारित, आणि खरिपाची अंतिम पैसेवारी अमरावती विभागात डिसेंबरअखेर. पूर्वी ती 50 पैशांच्या आत आली तरच टंचाईच्या सवलती मिळत.

पीककापणीत प्रत्येक तुकड्याचे वजन म्हणजे एकेक फुलीच. वर जाते ती सरासरी. पीकविम्यातही महसूल मंडळाच्या सरासरीची तुलना आधीच ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाशी होते. मंडळ उंबरठ्याच्या वर राहिले तर 3 आणि 4 वरच्या फुल्यांच्या मालकाला या हिशेबात काही मिळत नाही. सरासरी चुकीची नसते; एवढ्या मोठ्या प्रदेशाचा कारभार तिच्याशिवाय चालणारही नाही. पण शाळेत सरासरीचे सूत्र आधी पाठ होते आणि ती कशातून निघाली ते बघायला वेळच उरत नाही, हा क्रम उलटा आहे.

तिवसा-मोझरीकडच्या शिक्षकांनी यंदा बोंडे धरली की स्तंभालेखाच्या आधी एक तास रेषेला आणि फुल्यांना द्यावा. नोंदी मुलांनी स्वतः आणलेल्या असाव्यात, आणि सरासरी सर्वांत शेवटी काढावी.