तापलेले तेल आणि वेगाची किंमत

वेगवान मोटारींची गोष्ट निघाली, की लोक चालकाच्या धाडसाबद्दल बोलतात, फार तर इंजिनाच्या अश्वशक्तीबद्दल बोलतात. तेलाबद्दल कोणी बोलत नाही. याचे कारण उघड आहे. जे काम आतल्या आत, अंधारात आणि बिनबोभाट चालते, त्याची आठवण ते थांबल्यावरच होते. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. त्यामुळे अशा कामाविषयी मला ओढा वाटतो. म्हणून आज इंजिनातल्या तेलाचा, आणि त्यातही त्याच्या तापाचा इतिहास आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम तेल नेमके काय करते ते पाहू. तेलामुळे लोखंड गुळगुळीत होते, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे, हे १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर या इंजिनिअराच्या प्रयोगात दिसून आले. रेल्वेच्या आसाला आधार देणाऱ्या बेअरिंगमध्ये घर्षण किती होते, हे तो मोजत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा त्याने दाब मोजण्याचे यंत्र बसविले. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि तेलाचा दाब दर्शविणारा काटा २०० च्याही पुढे गेला!

याचा अर्थ असा, की लोखंडाचा भार लोखंड पेलतच नव्हते. दोहोंमध्ये शिरलेला तेलाचा पातळ पडदा तो पेलत होता. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने या घटनेचे गणित मांडले. हा पडदा टिकतो तो दोन गोष्टींच्या बळावर : एक फिरण्याचा वेग आणि दुसरा तेलाचा दाटपणा.

येथेच अडचणीचे मूळ आहे. दाटपणा उष्णतेने कमी होतो. मोटारीत वापरतात त्या ४० नंबरच्या साध्या तेलाचे उदाहरण घ्या. ४० अंश सेल्सिअसला ते जितके दाट असते, त्याच्या सुमारे दहावा हिस्सा दाटपणा १०० अंशाला उरतो. शिवाय हे तेल नुसते भार पेलत नाही. जळत्या पेट्रोलची धग सोसणाऱ्या पिस्टनच्या खालच्या अंगाला ते उडते आणि तेथील उष्णता घेऊन खाली येते. म्हणजे तेल हे वंगणही आहे आणि उष्णतेचा हमालही आहे. वेग वाढला की दोन्ही ओझी एकाच वेळी वाढतात. उष्णतेने तेल नुसते पातळ होत नाही, ते नासतेही. ताप १० अंशांनी वाढला, की तेल नासण्याचा वेग दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे.

या संकटावर पहिला उपाय शोधला गेला तो तेलाच्या जातीत. त्यातले एक तेल आपल्या परसातले आहे : एरंडेल! खनिज तेल जेथे हार खाई, तेथे एरंडेल तग धरी; म्हणून आरंभीच्या शर्यतीच्या मोटारींत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांत त्याला मोठा मान होता. १९०९ साली इंग्लंडात वेकफील्ड यांच्या कंपनीने एरंडेल मिसळलेले वंगण काढले, त्याचे 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडले. परंतु एरंडेल तापून इंजिनात चिकट राळ धरते, त्यामुळे इंजिन वरचेवर उघडून साफ करावे लागे. रोजच्या मोटारीला ते परवडणारे नव्हते.

दुसरा उपाय म्हणजे तेल वाढविणे आणि ते वाऱ्यावर निववणे. साध्या मोटारीत तेल इंजिनाच्या तळाच्या भांड्यात साठते. त्या भांड्याला इंग्रजीत 'संप' म्हणतात. आमच्या संपाशी त्याचा काही संबंध नाही! वेगाने वळण घेताना हे तेल एका बाजूला धावते, पंप हवा ओढू लागतो आणि बेअरिंग कोरडे पडते. म्हणून शर्यतीच्या मोटारीत तेल वेगळ्या टाकीत ठेवू लागले आणि वाटेत रेडिएटरसारखी एक जाळी, म्हणजे ऑइल कूलर, बसवू लागले.

पण उष्णता नाहीशी होत नसते, ती दुसरीकडे जाते. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध 'बीटल' मोटारीत याचा धडा मिळतो. तिचे इंजिन हवेने थंड होई. ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा केला होता. तेल निवे खरे, पण त्याच्या आडोशाला असलेल्या तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला हवा कमी आणि तीही तापलेली मिळे. त्यावर तोड म्हणून त्या एका सिलिंडरची ठिणगी थोडी उशिरा पाडण्याची व्यवस्था काही काळ करण्यात आली. अखेर १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली, तेव्हा कोठे न्याय झाला. एकाचा ताप दुसऱ्याच्या माथी मारणे ही व्यवस्था नव्हे, हे कारखान्यात जितके खरे तितकेच इंजिनात.

उलट बाजूचीही चूक होते. मर्सिडीजची ३०० एसएल ही पंखासारखे दरवाजे वर उघडणारी मोटार १९५४ साली आली. शर्यतीच्या मोटारीतून जन्मलेली म्हणून तिला १० लिटर तेल आणि भला मोठा कूलर होता. इंजिन बंद करताना थोडे पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरे आणि तेलात मिसळे. लांब पल्ल्याच्या धावेत तेल तापून ते पेट्रोल उडून जाई. पण शहरात दोन-चार मैल फिरणाऱ्या मालकाचे तेल तापतच नसे. मग तेल पातळ होऊन सिलिंडर झिजत. काही मालक तर कूलरची हवा अडवून ठेवीत. म्हणजे उष्णता ही शत्रू नव्हे. तिची मर्यादा सांभाळणे हेच खरे काम.

ती मर्यादा सांभाळण्याची चांगली रीत पोर्शच्या ९११ मोटारीत दिसते. ही मोटार १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. पाणी नाहीच, म्हणून तेलावर भार अधिक. १९६९ च्या जोरकस 'एस' मॉडेलमध्ये पुढच्या उजव्या मडगार्डाखाली जादा कूलर बसविला, आणि तेल मोटारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन परत आणले. मात्र तेल सुमारे ८५ अंशांपर्यंत तापल्यावाचून ही वाट उघडत नसे. थंड तेल घरातच राही, तापलेले तेवढे वाऱ्यावर जाई. १९७२ च्या मॉडेलमध्ये तेलाच्या टाकीचे झाकण मोटारीच्या बाहेरच्या अंगाला दिले, तेव्हा पेट्रोल पंपावरील नोकर त्यातच पेट्रोल ओतू लागले. दुसऱ्याच वर्षी ते हलवावे लागले. आराखडा करणाराने शेवटच्या माणसाचा विचार केला नाही, की असे होते.

अगदी अलीकडचे उदाहरण निस्सानच्या ३७०झेड मोटारीचे. २००९ च्या मॉडेलला आरंभी ऑइल कूलर नव्हता. शर्यतीच्या रस्त्यावर काही फेऱ्या झाल्या, की तेल सुमारे १४० अंशांवर जाई आणि इंजिनाचा संगणक आपण होऊन फेऱ्यांची मर्यादा खाली आणी. आमच्या भाषेत सांगायचे तर इंजिनानेच 'गो-स्लो' पुकारला! चालक चिडत, पण त्या यंत्राने आपला जीव वाचविला, हेच खरे. पुढे कारखान्यातूनच कूलर मिळू लागला. मागणी मान्य झाली.

या साऱ्यातून मोटार बाळगणाऱ्याने घ्यायचा बोध सोपा आहे. पाण्याचा काटा लवकर जागेवर येतो, तेल मागाहून तापते. म्हणून पहिली काही मिनिटे इंजिनाला जोर लावू नये. साधारणतः ९० ते ११० अंश हा तेलाचा सुखाचा पट्टा. आजची कृत्रिम तेले याहून अधिक सोसतात, पण सोसणे म्हणजे सुख नव्हे. काटा चढू लागला तर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर मोटार चालवावी, तिला वारा खाऊ द्यावा. दामटून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. तेलाची पातळी वरचेवर पाहावी. कारण तेल थोडे असले, की उरलेल्यावर सगळा भार पडतो.

आणि आणखी एक. इंजिनाचा ताप मोजण्यासाठी काटा आहे, तो चढला तर वेग उतरविणारे यंत्र आहे. भट्टीपुढे उभ्या असणाऱ्या माणसासाठी काय आहे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३ व्या कलमाने कामाच्या जागी हवा खेळती व तापमान सुसह्य राखण्याचे बंधन घातले होते. ते पाळून घेण्यासाठी कामगारांना किती वेळा दार ठोठवावे लागले, हे मी जवळून पाहिले आहे. तेल तापले की महागडे इंजिन मोडते, म्हणून त्याकडे लक्ष जाते. माणूस तापला तर दुसरा मिळतो, असा हिशेब जोवर चालेल, तोवर आपली प्रगती त्या बीटल मोटारीच्या तिसऱ्या सिलिंडरापाशी अडलेली राहील. वेग वाढवायचा असेल तर अवश्य वाढवावा; परंतु त्याचा ताप कोण वाहणार, आणि त्याला वारा कोठून मिळणार, हे आधी ठरवावे. इंजिन करणाऱ्यांना हे शिकायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. आपण त्याहून लवकर शिकावे, एवढीच माझी आपणास विनंती आहे.