मण्याची कुळकथा

पोट भरलं, हात रिकामे झाले, मग माणसाला कला सुचली, असं आपण सहज बोलून जातो. मण्याचा इतिहास पाहिला की हे म्हणणं टिकत नाही.

मोरोक्कोत बिझमून नावाची गुहा आहे. तिथे भोकं असलेले, दोऱ्यावर घासून झिजलेले ३३ बारके समुद्री शंख सापडले. वय सुमारे १,४२,००० ते १,५०,००० वर्षं. गुहांमधली प्राण्यांची चित्रं यांच्यापुढे अगदी अलीकडची. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे असेच मणी मिळाले. खालच्या थरांतले शंख दोऱ्यात मोकळे ओवलेले होते, वरच्या थरांत मात्र दोन-दोन शंख गाठीने बांधलेले. भोकांभोवतीच्या झिजेवरून हे कळलं. म्हणजे माळ ओवायची रीत तेव्हाही पिढ्यांगणिक बदलत होती.

शंखापाठोपाठ आलं शहामृगाच्या अंड्याचं कवच. आधी कवचाचे तुकडे करायचे, अणकुचीदार दगडाने प्रत्येकाला भोक पाडायचं. हे काम नाजूक. जरा जोर जास्त झाला की तुकडा फुटतो. मग ते सारे वेडेवाकडे तुकडे एका दोरीत घट्ट ओवून खरबरीत दगडावर एकदमच घासायचे. कडा झिजत जातात आणि सगळे मणी एका मापाचे गोल होतात. एवढा खटाटोप निव्वळ वेळ घालवायला कोणी करेल, हे मला पटत नाही.

डार्विनने १८७१ मध्ये सजण्याची आवड जोडीदाराच्या निवडीशी जोडली. त्यात तथ्य आहे, पण रशियातल्या सुंगीरला ते अपुरं पडतं. तिथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या थंडीत, दोन मुलांना पुरलं. प्रत्येकाच्या अंगावर मॅमथच्या सुळ्याचे जवळपास पाच-पाच हजार मणी. एका मण्याला तासभर लागत असावा, असा अंदाज आहे. गेलेल्या लेकरांसाठी एवढे हात राबले, त्यात जोडीदार मिळवण्याचा प्रश्नच कुठे येतो?

स्टीव्हन कून आणि मेरी स्टायनर या पुरातत्त्वज्ञांचं उत्तर मला जास्त पटतं. घरच्यांना आपली ओळख सांगावी लागत नाही. अगदी परक्याला ती सांगून उपयोग नाही. मणी बोलतो तो मधल्या माणसांशी: जी आपल्याला ओळखत नाहीत, पण आपली खूण ओळखतात. वारीच्या वाटेवर गळ्यातली तुळशीची माळ हेच करते. नाव-गाव न विचारताही समोरचा माळकरी आहे, त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे कळतं. टोळ्या वाढल्या, अनोळखी माणसांशी गाठ पडू लागली, तेव्हा अशी खूण जगण्याचीच गरज झाली.

आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांनी ही गरज अगदी अलीकडेपर्यंत माळांमधूनच भागवली. शहामृगाच्या कवचाच्या माळा ते दूरदूरच्या सोयऱ्यांना भेट देत. परतफेड लगेच नाही, सवडीने व्हायची. तोवर नातं जागं राहायचं. दुष्काळ पडला, शिकार आटली, की याच नात्यांच्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलखात जाऊन राहता यायचं. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी हा व्यवहार बारकाईने अभ्यासला आहे. तिथे माळेनेच अडचणीच्या दिवसांची तजवीज केली होती.

आपल्याकडेही हा धागा आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या कवचाचे मणी मिळाले, आणि आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडाही. वय सुमारे २५,००० वर्षं. इकडे शहामृग कुठून, अशी शंका येईल. पण हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये भारतात मिळालेल्या अशाच कवचांमधल्या डीएनएवरून ती शहामृगाचीच असल्याचं दाखवून दिलं.

याच पाटण्याजवळच्या पाटणादेवीला लोक देवीच्या दर्शनाला जातात, भास्कराचार्यांचं नाव सांगणारा शिलालेख पाहतात. पुढच्या खेपेला गेलात तर मुलांना हेही सांगा, की याच परिसरात पंचवीस हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून मणी घासत होतं.