शिवण ते सोल्यूशन : मोटारीच्या अस्तराचा इतिहास

आपल्याकडे मोटारीचा जो काही इतिहास लिहिला गेला, तो बहुतांशी बाहेरून लिहिला गेला. कोणत्या संस्थानिकाने कोणती गाडी आणवली, कोणत्या कारखान्याला परवाना मिळाला, इंजिन किती शक्तीचे होते, याच्या नोंदी सापडतात. कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, तेव्हा लोक तिचा रंग आणि डौल पाहतात. आतल्या गादीवर बसून वर नजर टाकली, तर डोक्यावर जे कापड असते, त्याच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. आम्हांस असे वाटते, की वस्तूचे वय प्रथम तिच्या अस्तरावर उमटते आणि म्हणून अस्तराला स्वतःचा इतिहास असतो.

हे म्हातारपण पाहायचे असेल, तर नृसिंहवाडीसारखे ठिकाण नाही. पौर्णिमेला दत्तदर्शनासाठी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या बाजूंनी गाड्या येतात. त्यांतल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांत डोकावले, की एक दृश्य ओळखीचे होऊन जाते. मागच्या काचेजवळ छताचे कापड सुटून त्याला फुगा आलेला असतो. कोठे ते झोळीसारखे लोंबून मागे बसलेल्यांच्या डोक्याला लागते. कोणी त्याला टाचण्या मारलेल्या असतात. गाडी चालते उत्तम, पण तीत बसवत नाही. हे कापड असे का सुटते, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले, तर आपण थेट एका तंत्राच्या स्थित्यंतरापाशी पोचतो.

मोटारीचे छत प्रथम कापडी वा कातडीच होते. बग्गीला असे तसे घडीचे हूड सुरुवातीच्या मोटारींना असे, आणि ते शिवणारा कारागीर घोडागाड्यांच्या धंद्यातूनच आलेला होता. आजही आपल्या गावोगावच्या पाट्यांवर 'हूड' आणि 'कुशन' हे दोन शब्द जोडीने दिसतात, ती त्या वारशाची खूण होय. पुढे १९३०नंतरच्या दशकात अखंड पोलादी छपराच्या गाड्या रूढ होऊ लागल्या. पत्रा तापतो, वाजतो आणि आतून ओबडधोबड दिसतो. म्हणून त्याखाली अस्तर आले. हे अस्तर चिकटवलेले नव्हते, टांगलेले होते. कापडाच्या किंवा रेक्झिनच्या पाठीमागे आडव्या पट्ट्या शिवून त्यांच्या नळ्या करीत, त्या नळ्यांतून लोखंडी तारांच्या कमानी ओवीत, कमानींची टोके छपराच्या दोन्ही कडांना अडकवीत आणि मग कापड चहूबाजूंनी ताणून दारांच्या चौकटीत बसवीत. एखाद्या तंबूसारखीच ही रचना होती. तिचा सगळा आधार शिवणीवर आणि ताणावर होता.

आपल्या दोन्ही परिचित गाड्या या घराण्यातल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. तिकडे बंगालमधील उत्तरपाड्याहून अ‍ॅम्बॅसॅडर येत असे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. परवान्यांच्या त्या काळात ही मॉडेले दशकानुदशके फारशी बदलली नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने ही कुचंबणा होती, पण तिचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की कुशनवाल्याला छताचे माप तोंडपाठ झाले. अस्तर फाटले, तर ते उतरवायचे, जुन्या तुकड्यांचाच बेत धरून नवे कापायचे, शिलाई मशीनवर नळ्या शिवायच्या, त्याच कमानी पुन्हा ओवायच्या. कारखान्याकडून काहीही मागवावे लागत नसे. दुरुस्ती म्हणजे मूळ कृतीचीच पुनरावृत्ती होती.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तर या अस्तराला अभिव्यक्तीचे साधन बनवले. फुलाफुलांचे, नक्षीचे, भडक रंगांचे छत ही त्या टॅक्सीची ओळखच होती. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या गाद्यांचे आणि छताचे कापड रंगरूपास आणवले, तेव्हा त्यांनी एका जुन्या लोकरीतीलाच नवे रूप दिले असे म्हणावे लागेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. किमान एक तरी जतन व्हावी, अशी मागणी तेव्हा झाली. परंतु जतन करायचे म्हणजे काय? वीस वर्षांत जिचे छत कितीदा तरी बदलले, तिचे 'मूळ' अस्तर कोणते? आमच्या मते बदललेले अस्तर हीच तिथली अस्सल गोष्ट होय, कारण बदलता येणे हा त्या रचनेचा गुणधर्मच होता.

नंतरची रचना वेगळी आहे. छपराच्या आकाराचा साचेबद्ध पुठ्ठा किंवा तंतूंचा तक्ता, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम आणि त्यावर पातळ विणीचे कृत्रिम कापड. फोम आणि कापड आधीच एकमेकांना जोडलेले असतात आणि ही जोडी तक्त्याला चिकटवतात. कारखान्यात हे काम झटपट होते, वजन कमी भरते, छत गुळगुळीत दिसते. १९९१च्या उदारीकरणानंतर आपल्या रस्त्यांवर जी नवनवी मॉडेले आली, त्यांच्याबरोबर ही पद्धत सर्वसाधारण झाली. शिवणीची जागा सोल्यूशनने घेतली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कापड सुटले, की आपण दोष कापडाला किंवा डिंकाला देतो. वास्तविक बहुतेकदा दोघेही धड असतात. मरतो तो मधला फोम. हा फोम पॉलियुरेथेनचा. या रसायनाचा पाया १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी घातला. त्याच्या काही प्रकारांचे रेणू हवेतील ओलाव्याने तुटत जातात, काहींचे उष्णता आणि प्राणवायूने. वस्तुसंग्रहालयांतील जतनतज्ज्ञांना विसाव्या शतकातील फोमच्या वस्तूंबाबत हीच चिंता भेडसावते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचा पावसाळी दमटपणा आणि चैत्र-वैशाखात बंद गाडीच्या पत्र्याखाली कोंडणारी उष्णता, हे दोन्ही शत्रू आपल्या भागात आलटून पालटून येतात. काही वर्षांत फोमचा पिवळट भुगा होतो आणि कापड निराधार होऊन खाली येते.

हे कारण एकदा कळले, की दुरुस्तीची रीतही कळते. लोंबत्या कापडामागे सुईने डिंक सोडणे व्यर्थ आहे; तो भुग्याला चिकटतो, तक्त्याला नाही. टाचण्या म्हणजे तर केवळ मुदतवाढ. खरे काम असे : प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, ज्या गाड्यांच्या छताच्या कडेत हवेच्या सुरक्षापिशव्या आहेत, तिथे हे काम जाणकारावरच सोपवावे. मग आतला दिवा, उन्हाच्या झडपा, हातमुठी आणि खांबांवरची आवरणे काढून तक्ता न मोडता मागच्या दारातून बाहेर घ्यावा. जुने कापड सोलून फोमचा भुगा मऊ ब्रशने पूर्ण झाडावा, अगदी बोटाला कण लागेनासा होईपर्यंत. कारागिराचा निम्मा वेळ इथेच जातो, आणि घाई होते तीही इथेच. नंतर फोम लावलेले नवे कापड चारही बाजूंनी थोडे जास्त ठेवून कापावे. उष्णता सोसणारे सोल्यूशन तक्त्यावर आणि फोमवर दोन्हीकडे पातळ लावावे, बोटाला ओले लागेनासे झाल्यावर कापड मध्यावरून बसवीत तळहाताने कडांकडे न्यावे. पांढरा पाणीदार डिंक इथे कामाचा नाही. कडा मागे मुडपून तक्ता एक दिवस तसाच ठेवावा. सोल्यूशनची वाफ पेट घेणारी असल्याने काम उघड्यावरच व्हावे.

महापुराने या प्रश्नाला आणखी एक पदर दिला. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. छतापर्यंत बुडालेल्या गाडीचा पुठ्ठ्याचा तक्ता फुगतो, आकार सोडतो. मग त्यावर नवे कापड लावणे निरर्थक ठरते आणि तक्ताच शोधावा लागतो. जुन्या मॉडेलचा तो मिळत नाही. उलट, टांगलेले रेक्झिन उतरवून, धुऊन, वाळवून पुन्हा चढवण्याची निदान शक्यता तरी असे.

याच गावात पाण्याशी वागण्याची एक वेगळी रीत शतकानुशतके चालत आली आहे. पूर वाढला, की पाणी उत्तरद्वारातून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. भाविक त्या दक्षिणद्वाराशी स्नान करतात. पाणी आणखी चढले, तर उत्सवमूर्ती वरच्या अंगाला हलवतात. स्थिर काय आणि हलवता येण्याजोगे काय, याचा विवेक त्या व्यवस्थेत आहे. पाणी येणारच, हे गृहीत धरून ती उभी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विवेक परका नसावा. आपली पोथी सुट्या पानांची; वर-खाली फळ्या आणि भोवती रुमाल. रुमाल विरला, तर तो बदलायचा, पान झिजले, तर तेवढेच पुन्हा लिहायचे. पेशवे दफ्तरातील कागदांच्या गठ्ठ्यांना 'रुमाल' हेच नाव पडले, इतके ते वेष्टन त्या व्यवस्थेचा भाग होते. पुढे शिवलेली पुस्तके आली; त्यांची बांधणी उसवून पुन्हा शिवता येई. आणि मग केवळ डिंकावर उभ्या असलेल्या पाठीची पुस्तके आली, जी आज आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पान-पान सुटलेली दिसतात. मोटारीच्या छताचा आणि पुस्तकाच्या पाठीचा इतिहास एकाच वळणावर येऊन थांबावा, हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे पुन्हा उघडण्याची सोय काढून टाकून जोडण्याचा वेग विकत घेतला गेला.

यात पणाला काय लागले आहे? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्या तपासणीत छताच्या कापडामुळे गाडी नापास होत नाही. पण मालकाच्या मनात ती तिथेच नापास झालेली असते. चांगल्या इंजिनाची गाडी मोडीत जाते ती पुष्कळदा असल्या आतल्या अवकळेमुळे. आणि तिच्याबरोबर नळ्या शिवणारा, माप तोंडपाठ असणारा कुशनवालाही निरुपयोगी ठरत जातो. गोंदाच्या युगातही तो टिकून आहे, कारण भुगा झाडण्याचे कंटाळवाणे काम यंत्र करीत नाही. इतिहासकाराचे कामही याहून फार निराळे नाही, असे आम्ही मानतो. वरचे कापड नवे घालणे सोपे असते. मधला थर केव्हा आणि कशाने मेला, हे पाहून तो आधी झाडून काढावा लागतो, नाहीतर नवे कापडही त्याच जागी सुटते.