वायूच्या नळातला 'बर्फ' आणि लोणावळ्याची चिक्की

मुलांची सहल घेऊन लोणावळ्याला गेलात की परतताना चिक्कीची खरेदी होतेच. बोरघाटातली रेल्वे 1863 साली सुरू झाली. घाटात राबणाऱ्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गुडदाणीचीच पुढे चिक्की झाली, असे इथे सांगतात. याच घाटातून टाटांच्या वीजकेंद्राचे नळ खोपोलीला उतरतात. हे केंद्र 1915 साली चालू झाले. वायूच्या नळांत होणारा एक विचित्र बर्फ आणि तो रोखणारी वनस्पतिजन्य रसायने यांची गोष्ट आम्हाला सांगायची आहे. ती समजायला चिक्की आणि हे नळ, दोन्ही उपयोगी पडतात.

गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. थंडीत क्लोरीनच्या ओलसर वायूतून पिवळसर स्फटिक जमतात. लोक त्यांना गोठलेला क्लोरीन समजत. हम्फ्री डेव्ही यांनी 1810 साली दाखवले की वायू पूर्ण कोरडा केला तर हे स्फटिक होतच नाहीत. म्हणजे त्यांत पाणी हवेच. पुढे 1823 साली फॅरेडे यांनी त्यांचे पृथक्करण केले. हेच स्फटिक बंद नळीत तापवताना त्यांच्या हाती द्रवरूप क्लोरीन लागला, पण ती वेगळी गोष्ट आहे. फ्रान्सच्या व्हिलार यांनी 1888 साली मिथेनचाही असाच स्फटिक तयार केला. या पदार्थांना हायड्रेट म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरा करतात आणि आत वायूचा रेणू कोंडला जातो. दोघांत रासायनिक बंध नसतो. मिथेन हायड्रेटच्या एका घनमीटरात साधारण 160 घनमीटर वायू मावतो. हे ढेकूळ दिसायला बर्फासारखे, पण काडी लावली तर पेटते.

सव्वाशे वर्षे ही केवळ प्रयोगशाळेतली गंमत होती. मग अमेरिकेत लांब पल्ल्याचे, जास्त दाबाचे वायूचे नळ आले. टेक्सासहून शिकागोपर्यंतचा सुमारे 1600 किलोमीटरचा नळ 1931 साली पुरा झाला. हिवाळ्यात असे नळ तुंबू लागले. आतले पाणी गोठले असेल म्हणावे, तर तापमान शून्य अंशाच्या वर! टेक्सासमधल्या एका वायू कंपनीतले रसायनतज्ज्ञ हॅमरश्मिट यांनी 1934 साली दाखवून दिले की हा बर्फ नव्हे, हायड्रेट आहे.

किती दाबाला, किती थंडीत ते होते? मिथेन आणि पाणी 4 अंश सेल्सिअसला असतील तर सुमारे 40 वातावरणांचा दाब पुरतो. हा दाब केवढा, ते मुलांना खोपोलीत दाखवता येईल. तिथले पाणी सुमारे 500 मीटर खाली येते, म्हणजे तळाशी नळातला दाब 50 वातावरणांच्या आसपास असतो. हायड्रेटला लागणारा दाब तिथे आयताच आहे. मिथेन नाही, हे खरे. पण असता तरी काही झाले नसते, कारण मावळातले पाणी पुरेसे थंड नसते. 20 अंशांना हायड्रेट व्हायचे तर 200 वातावरणांच्या जवळपास दाब हवा. मुंबई हायच्या बाबतीतही आपले नशीब असेच चांगले. 1974 साली तेल सापडलेला तो भाग जेमतेम 75 मीटर खोल आणि समुद्र उबदार. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढची वायूक्षेत्रे मात्र 600 मीटरांहून खोल आहेत. तिथे तळाला थंडीही आहे आणि दाबही.

खोल समुद्रात हे प्रकरण किती महागात पडते, ते 2010 साली मेक्सिकोच्या आखातात दिसले. फुटलेल्या विहिरीतले तेल गोळा करण्यासाठी दीड किलोमीटर खोल एक प्रचंड पोलादी घुमट उतरवला. काही तासांत तो हायड्रेटने तुंबला आणि बेत सोडून द्यावा लागला. तेल पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ समुद्रात मिसळत राहिले. जमिनीवरही धोका कमी नाही. तुंबलेल्या नळाच्या एकाच बाजूचा दाब उतरवला तर हायड्रेटचा बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. त्यात माणसे दगावली आहेत.

यावरचा जुना उपाय म्हणजे वायू कोरडा करणे, आणि ते जमत नसेल तिथे नळात मेथॅनॉल किंवा ग्लायकोल सोडणे. हे रेणू पाण्याला गुंतवून ठेवतात. त्यामुळे हायड्रेट होण्यासाठी आणखी थंडी लागते. उपाय खात्रीचा, पण प्रमाण मोठे. नळातल्या पाण्याच्या वजनाच्या 20 ते 50 टक्के रसायन ओतावे लागते. आणि मेथॅनॉल काय चीज आहे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती मेथॅनॉलमुळेच. त्याचा वायूच्या नळांशी संबंध नव्हता. पण हे द्रव्य टँकरने हलवायचे आणि साठवायचे म्हणजे काय, हे त्यातून कळते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मेथॅनॉल मुळात वनस्पतिजन्यच! बंद भांड्यात लाकूड तापवून ते मिळवत, म्हणून त्याला लाकडाचे स्पिरिट म्हणत. जर्मनीत 1923 साली वायूंपासून ते कारखान्यात बनू लागले आणि लाकूड मागे पडले. तेव्हा 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' असे कोणी म्हटले की आम्ही जरा थांबतो.

1990च्या दशकात विचाराची दिशा बदलली. हायड्रेट अजिबात होऊ न देण्याऐवजी, वायू नळातून पार होईपर्यंत ते लांबवले तर? इथे चिक्की आठवावी. शुद्ध साखरेचा दाट पाक दोरीवर सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखर होते. चिक्कीत तसे होऊन चालत नाही, ती रवाळ होईल. गुळात साखरेबरोबर थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. हे परके रेणू साखरेच्या वाढत्या स्फटिकाला चिकटून पुढच्या रेणूंची वाट अडवतात. साखरेच्या पाकात लिंबू पिळण्याचे कारणही हेच. आम्लामुळे काही साखर फुटून हेच दोन पदार्थ बनतात. वर्गात दोन वाट्यांत दाट पाक घ्यावा, एकीत थोडे लिंबू पिळून उकळावे आणि दोन्हींत दोरे सोडून आठवडाभर पाहावे.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या खाणविद्या संस्थेत डेंडी स्लोन आणि सहकाऱ्यांना असाच एक विलंबक सापडला, पीव्हीपी नावाचा बहुवारिक. औषधी गोळ्या बांधायला तो वापरतात. असे पदार्थ एक टक्का किंवा त्याहून कमी पुरतात. अडचण अशी की त्यांतले चांगले विलंबक कृत्रिम आहेत आणि समुद्रात सहज कुजत नाहीत.

म्हणून शोध वनस्पतींकडे वळला. राय गवत थंडीत तग धरते, ते त्यातल्या बर्फरोधक प्रथिनांच्या मदतीने. टॅपिओकाचा म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च तपासला गेला. नायजेरियात स्थानिक झाडांच्या अर्कांवर प्रयोग झाले. सर्वांत लक्षवेधी ठरले पेक्टिन. पेरूची जेली आणि करवंदाचा जॅम ज्याच्यामुळे धरतो, तेच. मावळातल्या घरांना त्याचा गुण आधीच माहीत आहे, नाव तेवढे माहीत नसेल. 2016 साली चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केले की हायड्रेटच्या मर्यादेपेक्षा 12.5 अंश खाली थंड केले तरी पेक्टिन मिथेन हायड्रेटला थोपवून धरू शकते, आणि स्फटिक झालेच तर त्यांची वाढ फार मंद राहते.

आम्हाला हे आकडे मोलाचे वाटतात, पण ते प्रयोगशाळेतल्या पात्रातले आहेत. विहिरीतून येणाऱ्या पाण्यात क्षार असतात. त्यात कॅल्शियम असेल तर काही प्रकारच्या पेक्टिनची जेलीच होते. बोळा काढायला गेलो आणि दुसरा घातला, असे व्हायचे! शिवाय जे समुद्रात कुजते ते पिंपातही कुजते. आणि विलंबक तो विलंबकच. नळ दोन दिवस बंद पडला तर त्याची मुदत संपू शकते, मेथॅनॉलची संपत नाही.

रेणूंचा स्वभाव तर आणखी चकवणारा. सजीवांत सर्वत्र आढळणाऱ्या अमिनो आम्लांपैकी ग्लायसीन आणि अ‍ॅलनीन कार्बन डायऑक्साइडचे हायड्रेट मंदावतात, असे कोरियातल्या गटाने 2013 साली दाखवले. उलट ल्युसीनमुळे मिथेन हायड्रेट झपाट्याने होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्या दशकात रजनीश कुमार आणि सहकारी या दुसऱ्या बाजूने काम करत होते. वायू साठवण्यासाठी किंवा कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्यासाठी हायड्रेट लवकर कसे करता येईल, हा त्यांचा प्रश्न. लोणावळ्याहून पाऊण-एक तासाच्या अंतरावर, पाषाणला, जो पदार्थ मुद्दाम वाढवायचा प्रयत्न चालला होता, तोच नळात होऊ नये म्हणून दुसरीकडे फळांच्या साली उकळल्या जात होत्या.