रोमन नाणी : संग्रह आणि ओळख

रोमन साम्राज्यात दोन प्रकारची नाणी चालत. शाही नाणी रोम आणि इतर मोजक्या टांकसाळींत पाडली जात. त्यांवरचा लेख लॅटिन असे. ऑगस्टसच्या व्यवस्थेत सोन्याच्या एका ऑरियसचे चांदीचे 25 दिनारियस, तर पितळेचे 100 सेस्टर्शियस होत. प्रांतिक नाणी मुख्यतः पूर्वेकडील शेकडो शहरांनी पाडली. त्यांवर बहुधा ग्रीक लेख असे आणि त्या त्या शहराची दैवते, देवळे, नद्या कोरलेल्या असत. आसपासच्या मुलखाबाहेर त्यांना फारसे चलन नसे.

जुन्या नाण्यांची आवड खुद्द रोमनांनाही होती. सॅटर्नेलियाच्या सणात ऑगस्टस जुनी व परदेशी नाणी भेट देई, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस नोंदवतो. पुढे 1354 मध्ये कवी पेत्रार्कने मांतुआ येथे राजा चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची नाणी दिली. पूर्वसूरींचे चेहरे पाहून त्याने त्यांचा कित्ता गिरवावा, हा त्यामागचा हेतू होता. चेहऱ्यांची ही ओढ दीर्घकाळ टिकली. आंद्रेआ फुल्विओने 1517 मध्ये नाण्यांवरून घेतलेल्या व्यक्तिचित्रांचे पुस्तक छापले. मागणी वाढली, तसे पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोसारखे कारागीर प्राचीन धर्तीची नाणी हुबेहूब घडवू लागले. त्यामुळे अस्सल-नक्कल पारखणे हा संग्राहकाच्या विद्येचा भाग बनला.

या छंदाला शास्त्राचे रूप अठराव्या शतकात आले. फ्रेंच आरमाराचा अधिकारी जोसेफ पेलरँ याने शहरांची नाणी भूगोलानुसार मांडली. व्हिएन्नाच्या शाही संग्रहाचा प्रमुख जोसेफ एकेल याने 1792 ते 1798 या काळात आठ खंडांत ती पद्धत पूर्णत्वाला नेली. पहिल्या चार खंडांत शहरे व राज्ये प्रदेशवार, तर उरलेल्या चारांत रोमची नाणी कालक्रमाने आली. ही मांडणी इतकी सोयीची ठरली की आजही संग्रहालये बव्हंशी तीच पाळतात. पण तिने प्रांतिक नाण्यांना रोमपासून तोडून ग्रीक शहरांच्या रांगेत बसवले. शिवाय ही नाणी ओबडधोबड आणि झिजलेली असल्याने संग्राहकही त्यांच्याकडे काणाडोळा करीत.

शाही नाण्याची ओळख त्यावरील लेखापासून सुरू होते. ट्राजनच्या एका दिनारियसवर ‘इम्प ट्रायानो ऑग गेर डाक’ अशी संक्षिप्त अक्षरे आहेत. पुढे सर्वोच्च पुरोहितपद, ट्रिब्यूनचे अधिकार आणि ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल या पदापाशी रोमन पाचाचा आकडा. ‘डाक’ म्हणजे डेशियाचा विजेता. हा किताब ट्राजनला 102 मध्ये मिळाला. 103 मध्ये तो पाचव्यांदा कॉन्सल झाला आणि सहाव्यांदा 112 मध्ये. म्हणजे हे नाणे 103 ते 111 या काळातले. लेख पुसट असेल तर इतर खुणा कामी येतात. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर नाणे बहुधा दुप्पट मूल्याचे असते. पितळी डुपॉन्डियसवर आणि काराकालाने 215 मध्ये आणलेल्या अँटोनिनियानसवर तो दिसतो.

प्रांतिक नाण्यांत आधी शहराचे नाव शोधावे लागते. अलेक्झांड्रियाची नाणी त्या मानाने सोपी : रोमन एलसारख्या खुणेपुढे राज्यवर्षाचा आकडा ग्रीक अक्षरांत येतो. नीरोच्या नाण्यावर आयोटा आणि बीटा असेल, तर बारावे वर्ष, म्हणजे 65-66. डायोक्लिशनच्या सुधारणांत ही टांकसाळही शाही पद्धतीची नाणी पाडू लागली आणि प्रांतिक नाण्यांची परंपरा संपली.

शाही नाण्यांची प्रमाण सूची 1923 पासून मॅटिंगली आणि सिडनम यांनी खंडशः प्रसिद्ध करायला सुरुवात केली. प्रांतिक नाण्यांना तसा ग्रंथ लाभायला 1992 साल उजाडले. बर्नेट, आमांद्री आणि रिपोयेस यांच्या त्या पहिल्या खंडाने ही नाणी पुन्हा रोमन अर्थव्यवस्थेचा भाग म्हणून मांडली.

सूचीतून नाण्याचे जन्मस्थान आणि काळ कळतो; त्याचा प्रवास मात्र ते सापडले त्या जागेवरूनच समजतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई येथे 1898 मध्ये मिळालेल्या 501 ऑरियसपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. रोमन सोने भारतात कसे वापरले गेले, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच सापडल्या जागेची नोंद ही नाण्याच्या ओळखीचाच भाग मानली जाते.